चौदा दिवस अळणी

गोळीबार चौकातल्या आमच्या भोजनालयात
मिठाचा डबा उजव्या हाताला, मसाल्याचा डाव्या.
बावीस वर्षं झाली,
चमचा कधी ठेवला नाही त्यात.

होळीनंतर गळ्यातली गाठ काढली.
टाका बारीक, मंगळसूत्राच्या थोडा वर,
गिऱ्हाइकाला वाटते सुरकुती.
डॉक्टर म्हणाले, उरल्यासुरल्या पेशींसाठी
एक कॅप्सूल घ्यावी लागेल, आयोडीनचीच, पण किरणं सोडणारी.
त्याआधी रोजची गोळी बंद,
आणि शेवटचे दोन आठवडे
आयोडीन पोटात जाता कामा नये.

टेंभुर्णे मॅडमनी कागद दिला.
दूध नाही, दही नाही, म्हणजे कढी गेली.
अंडं नाही, मासळी नाही, बेकरीचे टोस्ट नाहीत,
हॉटेलातलं काहीच नाही.
मोरेश्वर वाचता वाचता थांबले,
‘आता आपलंच हॉटेल बाहेरचं झालं का वं?’
सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून : मीठ.

इतवारीत चंपालालजींनी तीन पोती उघडून दाखवली.
‘भाभी, बिनआयोडीनचं खायला विकताच येत नाही,
ढोरांसाठीचं आहे, ते नेता का?’
मॅडमना फोन केला.
मॅडम म्हणाल्या, मग नकोच.

चिमूरच्या मावशीचा गळा आठवला,
पदर कायम हनुवटीपर्यंत.
तिला नर्सबाई सांगायची, पुडीचं मीठ खात जा.
मावशी ते देव्हाऱ्यात ठेवायची,
औषध म्हणून.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस,
कूलरसमोर घरचे उघडेबंब झोपलेले,
अन् मी शाल घेऊन भिंतीकडे सरकते.
शब्द उशिरा येतात तोंडात,
‘तवा’ म्हणायला गेले की ‘ते काळं’ निघतं.

तिखटाला घाबरणारी मी नव्हे.
पण मिठाशिवाय तिखट म्हणजे नुसतं भांडण,
कशावरून ते कोणालाच माहीत नाही.
लिंबू पिळलं, लसूण वाढवला, जवस कुटून टाकलं.
आठव्या दिवशी ज्वारीची भाकर
कडेने गोड लागली.
कोणाला सांगितलं नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन,
तीनदा उतरवून झाल्यावर थबकल्या :
‘हे लागत तर नाही न बाप्पा?’

गिऱ्हाइकांचा रस्सा मात्र मीच करत होते,
न चाखता. तशीही चाखत नाहीच मी,
तळहातावर थेंब घेऊन वास घेते.
एकच ताट परत आलं,
तेही भातासाठी.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा साधं वाटलं होतं :
पेशींना उपाशी ठेवायचं, चांगल्या खवळू द्यायच्या,
म्हणजे आयोडीन दिसलं की तुटून पडतील,
आणि त्यातच मरतील.
रात्री झोप येईना.
आमच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही,
उधारी बुडवणाराही नाही.
आणि माझ्याच गळ्यात कोणी चौदा दिवस भुकेलं बसलंय,
ताट वाढायची वाट पाहत.
तुम्ही म्हणाल, अगं, ती कॅन्सरची पेशी.
हो. ठाऊक आहे.

पंधराव्या दिवशी जाड दाराची खोली.
शिशाच्या डबीतून कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळली,
चव काहीच नाही.
भेटायला कोणी यायचं नाही,
डबा दाराबाहेर, ताट-वाटी कागदाची.
लाळ सुटत राहावी म्हणून नर्सने गोळ्या दिल्या,
मे महिन्यात संत्री कुठली,
म्हणून संत्र्याच्या.

संध्याकाळी मोरेश्वरचा फोन.
मागे फोडणीचा आवाज, कोणीतरी पाणी मागतंय.
‘चाळीस ताटं आहेत लग्नघरची.
मीठ किती टाकू?’
तीन मुठी, म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि डबा सरकवल्याचा आवाज आला.

थांबा,
तुमच्या नाही. माझ्या.